वरची मूठ

मार्च लागला की चिंचवड गावातल्या झाडून साऱ्या बायका एका माणसाच्या नावानं बोटं मोडायला लागायच्या. कारण एके दिवशी गिरणीच्या दारावर खडूनं लिहिलेलं दिसायचं: 'परीक्षेमुळे गिरणी आठ दिवस बंद.' अक्षर असं देखणं की पोरांना गिरवायला द्यावं. गावात दुसरी गिरणी नाही. मग कोपऱ्यात पडलेलं जातं झाडून-पुसून घ्यायचं आणि हाताला फोड आणत दळायचं. "ह्याच्या परीक्षेला जाळ लागो," असं माझी आईसुद्धा म्हणायची, आणि माझी आई एरवी कुत्र्यालाही हाड म्हणायची नाही.

आता परीक्षा पोरांना असते, गिरणीला कसली आलीय? तर ती मालकाला असायची. चाळिशीला टेकलेला हा माणूस दरसाल मॅट्रिकला बसायचा आणि दरसाल नापास व्हायचा. मॅट्रिक म्हणजे अकरावीची परीक्षा; तिचं नाव तेव्हा नुकतंच बदललं होतं, पण गावाच्या तोंडी जुनंच होतं. बरं, सगळ्या विषयांत म्हणाल तर तसंही नाही. मराठी, इतिहास, संस्कृतसुद्धा, सगळं झकास. गणितात मात्र दांडी गुल, हे ठरलेलं. निकालाच्या दुसऱ्या दिवशीही गिरणीचं इंजिन नेहमीसारखं पुकपुकत असायचं आणि हे गृहस्थ भुवयांवर पीठ घेऊन तराजूपाशी हसतमुख उभे असायचे. मी पाहिलं तेव्हा त्यांची नववी खेप होती.

त्यांचं नाव मी सांगणार नाही. "नाव फॉर्मावर लिवायला असतंय, हाक माराया न्हाई," असं त्यांचंच म्हणणं होतं. आम्ही पोरं त्यांना नाना म्हणायचो.

मी जात्याच चौकस. नको तिथं नाक खुपसायची खोड मला लहानपणापासून आहे, आणि आज पंच्याऐंशी उलटली तरी ती गेलेली नाही. त्यामुळे दळण घेऊन गिरणीत गेले की माझं लक्ष दळणापेक्षा या माणसाकडे. तिथल्या भिंतीवर त्यांनी आपली आजवरची हॉल तिकिटं खळीनं ओळीत चिकटवली होती. लोक देवांच्या तसबिरी लावतात, यांनी नापासाचे दाखले लावलेले! गावात यावर हजार तर्क चालत. कुणी म्हणे, नवस आहे. कुणी म्हणे, ठरलेलं लग्न मॅट्रिकवाचून मोडलं म्हणून हट्टाला पेटलाय. माझे वडील म्हणायचे, "गिरणीच्या आवाजानं डोकं दळून गेलंय त्याचं, दुसरं काय!"

पण डोकं दळलेला माणूस असा असतो का? पट्टा फिरतोय, दगड घुमतायत, पिठाचा धुरळा उडतोय, आणि नाना ओरडून विचारायचे, "पानिपतात मराठ्यांचं चुकलं कुठं?" आपण त्याहून मोठ्यानं ओरडून उत्तर द्यायचं. नीट आलं तर नंबर आधी लागायचा. मॅट्रिकची पोरं तर वह्या घेऊन तिथंच पोत्यांवर बसायची. "ह्या गोंधळात डोस्कं चाललं तर पुन्याच्या शांततेत पळंलच की," हा त्यांचा हिशेब.

दोन खोडी आणखी सांगते, कारण पुढं त्यांच्याशीच गाठ आहे.

पहिली ही, की दळण परत देताना ते आपल्या पदरची एक मूठ पीठ वर टाकायचे. गिरणीत थोडं पीठ उडतं, थोडं दगडात अडकतं. ती घट सगळे सोसतात. नानांना ती सोसवायची नाही. त्यासाठी तीन डबे वेगळे भरून ठेवलेले होते, गव्हाला गव्हाची मूठ, ज्वारीला ज्वारीची, बाजरीला बाजरीची. तराजूचा काटा अगदी बरोबर आला तरी मूठ पडायचीच. "काट्यावर थांबलं त्ये माप, वर पडलं त्यो मानूस," म्हणायचे. बायका शिव्या द्यायच्या, पण आठ दिवसांनी सगळ्या मुकाट्यानं यांच्याच दारात यायच्या, त्याचं एक कारण ही मूठ.

दुसरी खोड, मिसळलेलं दळण ते घ्यायचे नाहीत. धान्यात खडे दिसले, गव्हात हरभरे दिसले, की डबा परत. "निवडून आन. माझ्या दगडाला आत्ताच टाकीनं दातं पाडल्यात." यावरून एक-दोघींशी तर वर्षानुवर्षं अबोला होता.

माझी हकीकत अशी. वडील, म्हणजे अण्णा, स्टेशनाच्या मालधक्क्यावर कारकून. आम्ही मूळचे नगरकडचे. अण्णांना मुलीनं मॅट्रिक व्हावं असं वाटायचंही आणि वाटायचं नाहीही. खेडला एक स्थळ चालून आलं होतं, किराण्याचं मोठं दुकान. फॉर्म भरू का नको यात अण्णांनी शेवटचा दिवस उजाडू दिला. आईनं दोन दिवस त्यांच्याशी धड बोलणं टाकलं तेव्हा कुठं सही केली. तोवर शाळेचा गठ्ठा बांधून झाला होता. हेडमास्तर नानांचा फॉर्म नेहमी सगळ्यांच्या शेवटी घालत; माझा त्याच्याही खाली गेला. म्हणून परीक्षेत माझा नंबर नानांच्या लगेच मागचा आला.

फेब्रुवारीत शाळेची चाचणी परीक्षा झाली आणि मी गणिताचा पेपर कोरा दिला. येत नव्हतं अशातला भाग नाही. घरी तीच गणितं चुलीपुढं बसून सोडवायचे. पण पेपर हातात आला की तळहातांना घाम सुटायचा. घाम म्हणजे किती? टाक बोटांतून सटकायचा, कागद ओला व्हायचा, शाई फुटायची, आकड्यांचा चिखल व्हायचा. तो चिखल दिसला की डोळ्यांपुढं अंधारी यायची. एकदा तसं झालं, की मग पुढं काही सुचायचंच नाही.

अण्णांनी कोरा पेपर पाहिला. ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं. म्हणाले, "फॉर्म गेलाय, तेव्हा बस एकदा. पास झालीस तर तुझ्या मनासारखं. नाही झालीस तर वैशाखात खेडला उजवून टाकतो. पुन्हा परीक्षेचं नाव काढायचं नाही."

माझ्या मनासारखं म्हणजे काय, तर पिंपरीला औषधाचा नवा कारखाना उभा राहिला होता आणि तिथं मॅट्रिक झालेल्या मुली घेतात असं ऐकलं होतं. मुली! पांढरा कोट घालून! मी ते कोट स्टेशनावर एकदा पाहिले होते आणि तेव्हापासून मला दुसरं काही दिसत नव्हतं.

त्या संध्याकाळी मी गिरणीत गेले. नानांना म्हटलं, "नाना, मला भीती वाटते."

"कशाची?"

"परीक्षेची."

त्यांनी मान हलवली. "हे मिसळ दळान झालं. घेत न्हाई. निवडून आन."

मला रागच आला. इथं माझ्या तोंडचं पाणी पळालंय आणि यांना थट्टा सुचते! पण ते थट्टा करत नव्हते. खरंच त्यांनी तोंड फिरवलं आणि दुसरीचा डबा उचलला. मी तणतणत घरी आले. सकाळपर्यंत मात्र मी निवडत होते. पेपरची भीती का? नाही, गणितं येतात. अण्णांची? थोडी. खेडच्या दुकानाची? पुष्कळ. पण पेपरच्या वेळी मनात दुकान नसतंच. दुसऱ्या दिवशी जाऊन सांगितलं, "माझ्या हाताला घाम येतो आणि कागद भिजतो. भीती त्याची आहे."

नानांचा चेहरा उजळला. "आता कसं! हे दळान घेतो."

पट्टा पुलीवरून घसरायला लागला की गिरणीवाले त्याला राळ लावतात, मग तो पकड घेतो. नानांनी मला ते दाखवलं. मग वीतभर कापडाची एक पुरचुंडी बांधली, आत तांदळाची पिठी. "पट्ट्याला राळ, पोरीला पिठी. घाम आला की हात पुसायचा न्हाई. पुसला की आनखी येतो. पिठीत दाबायचा अन् झटकायचा." मी करून पाहिलं. टाक हातात बसला. इतकी साधी गोष्ट, आणि मी तिच्यापायी दोन वर्षं झुरत होते!

परीक्षेच्या दिवसांत सकाळच्या पॅसेंजरनं आम्ही सात पोरं आणि आठवे नाना पुण्याला जायचो. नानांचं धुतलेलं धोतर, काळी टोपी, खिशात दोन टाक. अंगाला तरी पिठाचा वास यायचाच. केंद्राच्या आवारात त्यांचा थाट जावयासारखा. पाण्याचा कोणता नळ बरा, कोणतं बाक डुगडुगतं, शिपायाच्या मुलीचं लग्न कुठं ठरलं, सगळं ठाऊक. आम्हांला त्यांनी एकच नियम घालून दिला होता: "कुनी बी माझ्या आदी उठायचं न्हाई. काय येवो न येवो. मी उठलो की उठा." आणि ते शेवटच्या घंटेपर्यंत उठत नसत.

मराठी झालं, इतिहास झाला. माझी पिठी चालत होती. पुढच्या बाकावर नाना असे लिहायचे की जणू कुणी आतून सांगतंय. पुरवण्यांवर पुरवण्या. मी मनात म्हणायचे, हा माणूस नापास होतोच कसा? चौकसपणा काही सुचू देईना. मी ठरवलं, गणिताच्या दिवशी डोळ्यांत तेल घालून बघायचं.

गणिताच्या दिवशी मी पुरचुंडी घरी विसरले.

आठवलं कधी, तर पेपर हातात पडल्यावर. झालं! पहिल्याच गणिताची शाई फुटली. पान उलटलं, दुसरं पानही तसंच. हात परकराला पुसला, तर आणखी घाम. आकडे पोहायला लागले. खेडचं दुकान एरवी पेपरात कधी यायचं नाही, ते त्या दिवशी फळीसकट डोळ्यांपुढं आलं. मी टाक खाली ठेवला आणि उभी राहिले. कोरा पेपर द्यायचा, बाहेर पडायचं, मोकळं व्हायचं, एवढंच डोक्यात.

माझं बाक करकरलं. नानांनी मागं वळून पाहिलं नाही. वळता येतच नव्हतं, समोर काळ्या कोटातले पर्यवेक्षक उभे. नानांनी नुसता खिशात हात घातला. त्यांच्याही खिशात पुरचुंडी होती, माझ्यासाठीच आणलेली, हे मला मागून कळलं. ती हळूच मागं सरकवायचा त्यांचा बेत असावा. पण करायला गेले गणपती आणि झाला मारुती! गाठ सुटली आणि पिठीचा हा एवढा लोट उडाला. नानांच्या टोपीवर, माझ्या बाकावर, आणि धावत आलेल्या पर्यवेक्षकांच्या काळ्या कोटावर.

"काय प्रकार आहे हा? अंगारा? भानामती?" पर्यवेक्षक शिंकत ओरडले. मग मला पाहून म्हणाले, "आणि तू कशाला उभी? बस खाली! सगळे खाली बसा!"

मी बसले. हुकूमच तसा होता. हात बाकावर टेकले ते पिठीत टेकले. समोर पर्यवेक्षक मिशीवर पिठी घेऊन उभे, आणि नाना अगदी शाळकरी पोरासारखे म्हणतायत, "साहेब, तांदळाची हाय. चाखून बघा." मला हसू फुटलं. ओठ दाबले तरी खुसखुस थांबेना. आणि हसता हसता छातीवरचा धोंडा कधी उतरला ते कळलंच नाही. मी हात झटकले, टाक उचलला.

नानांना मात्र त्यांनी पुढं नेलं. खिसे उलटे केले, टोपी झाडली, धोतराचा सोगा पाहिला. केंद्रप्रमुख आले, त्यांनी पिठी हुंगली. पाऊण तास तरी गेला. शेवटी कुणाला काही सापडेना, तेव्हा परत जागेवर बसू दिलं. नाना बसले आणि जे लिहीत सुटले! भराभर, श्वास न घेता. मी माझी गणितं करत होते, तरी एक डोळा तिकडं. घंटेला दहा मिनिटं उरली असतील. नाना थांबले. बोटांवर काहीतरी मोजलं. आणि मग त्यांनी टाक आडवा धरला आणि सोडवलेलं एक अख्खं गणित खोडलं.

मला वाटलं चुकलं असेल. पण ते मला दिसत होतं. उत्तर बरोबर होतं, माझंही तेच होतं. त्यांनी पुन्हा मोजलं. आणखी एक खोडलं. तिसऱ्यावर टाक ठेवला आणि घंटा झाली.

बाहेर येऊन आम्ही सगळे झाडाखाली भाकरीची फडकी सोडून बसलो. पोरं उत्तरं पडताळत होती. मी नानांना बाजूला गाठलं आणि सरळच विचारलं, "बरोबर आलेली गणितं का खोडलीत?"

"तुला दिसलं व्हय?"

"दिसलं."

"मग कुनाला बोलू नको." भाकरीचा तुकडा हातातच राहिला होता. "पस्तिसाला पास. मी धरतो तीस. मराठीत, इतिहासात तपासनाऱ्याचा काय भरवसा, कवा काय दील. गनितात मात्र तोलून नापास होता येतं. आदी सगळी सोडवायची. येत असून न सोडवनं म्हंजी ताटातलं टाकून उठनं. मग तिसापातूर खोडत यायचं. आज येळ पुरला न्हाई. चौतीस ऱ्हायले." मग एकदम हसले. "एका मार्कानं नापास! इतकं नेमकं माप आजवर पडलं न्हवतं."

"पण नापास व्हायचंच कशाला?"

नानांनी भाकरीचा तुकडा फडक्यात ठेवला. मग जे सांगितलं ते पिठाचा हिशेब सांगावा तितक्या कोरड्या आवाजात. मॅट्रिकच्या वर्षी वडील वारले, म्हणून नानांनी शाळा सोडून गिरणी धरली आणि धाकट्या भावाला शिकवलं. हुशार होता. परीक्षेला नाना रोज त्याच्यासंगं पुण्याला यायचे, याच दारापर्यंत. तो दारात शिरला की हे परत फिरायचे. तो रोज संध्याकाळी घरी येऊन सांगायचा, चांगला गेला पेपर. निकालाच्या दिवशी त्याचा नंबर वर्तमानपत्रात नव्हता, आणि तोही घरात नव्हता. मागाहून केंद्रातून कळलं, पहिल्या दिवसापासून तो बसलाच नव्हता.

"मी पाठ फिरवली की त्ये बी फिरायचं," नाना म्हणाले. "नदीवर जाऊन बसायचं. मुंबैला हाय म्हनत्यात. गोदीत दिसला म्हनत्यात. पत्र न्हाई." मग दाराकडं बोट केलं. "तिथपातूर सोडनारे लई असत्यात, पोरी. आई-बाप येत्यात, मास्तर येत्यात. आत कोन येतं? आत जायाला फॉर्मच भरावा लागतो. अन् पास झालेल्याला फॉर्म भरू देत न्हाईत."

मला रडू आलं. मी ते लपवलं नाही. इतकी वर्षं मी या माणसाच्या हॉल तिकिटांना हसत होते. आणि आज कोऱ्या पेपरावरून मी उठले, तेव्हा त्या खोलीत एकच माणूस असा होता ज्याला नुसत्या बाकाच्या आवाजावरून ते कळलं.

निकाल लागला जूनमध्ये. वर्तमानपत्र सकाळच्या गाडीनं यायचं. अण्णा मालधक्का सोडून कधी घरी आले नव्हते, ते त्या दिवशी चपला न काढता स्वयंपाकघरात आले. पेपर उघडून बोट ठेवलं. माझा नंबर होता. आईनं देवापुढं साखर ठेवली, ती ठेवता ठेवता निम्मी सांडली. अण्णा म्हणाले, "आता खेडला नकार कळवतो." आणि मग चष्मा नाकावर सरकवून, "अगं, तुझ्या आधीचाही नंबर आहे की! हा कुणाचा?"

मी तशीच धावत सुटले.

गिरणीपुढं ही गर्दी. कुणीतरी गुलाल आणला होता, लेझीम यायची होती. "नवव्यांदा का होईना, गड चढला पठ्ठ्या!" म्हणत लोक पाठी थोपटत होते. नाना पोत्यावर बसून होते, गुलालानं लाल. गिरणी चालू होती आणि वर दाणा नव्हता. दगडावर दगड घासत होता. ज्या माणसानं गव्हातल्या हरभऱ्यावरून बायकांशी अबोला धरला, त्याला तो आवाज ऐकू येत नव्हता. मी जाऊन इंजिन बंद केलं.

"चौतीस व्हते गं," ते मला म्हणाले. "तीनदा मोजले."

पंधरा दिवसांनी गुणपत्रिका आल्या. नानांच्या गणितापुढं पस्तीस. हेडमास्तर हसत म्हणाले, "काठावर आलात हो! चौतिसावर थांबला असतात तरी कुणी अडवलं नसतं म्हणा. एका मार्कासाठी कोण कुणाला नापास करतं? तपासणारा एक वरून टाकतोच."

नाना गुणपत्रिकेची घडी करून निघाले. गिरणीत आल्यावर आपल्या तीन डब्यांपुढं उभे राहिले. गव्हाचा, ज्वारीचा, बाजरीचा. मग मलाच विचारलं, "मला कसं सुचलं न्हाई गं? जल्मभर मी काय करतोय?" त्यांनी कपाळावर हात मारला आणि हसायला लागले. हसता हसता डोळे पुसले, तर गालांवर पीठ लागलं.

तरी डिसेंबरात त्यांनी फॉर्म भरलाच. हेडमास्तरांनी परत केला. नाना तासभर भांडले. "मी पास झालोच न्हाई, मला पास केलंय," असं त्यांचं म्हणणं. हेडमास्तरांना वाटलं, आनंदानं डोक्यावर परिणाम झालाय.

मी तोवर कारखान्यात लागले होते. पांढरा कोट, औषधाच्या बाटल्या उजेडाला धरून तपासायच्या. मार्चमध्ये गिरणीच्या दारावर पुन्हा खडूची अक्षरं उमटली. बायका म्हणाल्या, "आता ह्याची कसली मेल्याची परीक्षा?" गणिताच्या पेपराला मी रजा काढली आणि त्यांच्याबरोबर पॅसेंजरनं गेले. नऊ पोरं होती. प्रत्येकाच्या खिशात पुरचुंडी. नानांनी गाडीच्या डब्यात सगळ्यांची भीती निवडून घेतली, ज्याची त्याची वेगळी. केंद्राच्या दाराशी पोरं आत गेली. नाना सवयीनं त्यांच्यामागं निघाले. शिपायानं ओळखलं, हसला, आणि हात आडवा धरला. "नाना, आता तुमी भाईर."

नाना थांबले. पोरं व्हरांड्यानं चालत गेली. शेवटचं पोर फार बारकं होतं. वळून वळून बघत होतं. नानांनी हात वर केला, तो तसाच राहिला. ते पोर आत शिरलं तरी हात खाली येईना.

आम्ही त्याच झाडाखाली बसलो. पहिली घंटा झाली. नाना सारखे उठायचे, दाराकडं बघायचे, बसायचे. नदीकडच्या वाटेवर कुणी पोरगं दिसलं की ताठ व्हायचे. नऊ वर्षं आतमध्ये मजेत बसलेला हा माणूस, त्याचा चेहरा मी असा कधी पाहिला नव्हता.

"आत काय चाललं असंल गं?" ते म्हणाले.

"लिहितायत."

"समदी?"

"सगळी."

"तुला काय म्हाईत? हितनं काय दिसतंय?" आणि त्यांनी धोतराला हात पुसले. पुन्हा पुसले. मी पाहिलं, धोतरावर दोन ओले डाग पडले होते. नानांच्या तळहातांना घाम सुटला होता.

"पुसायचा नाही," मी म्हटलं. "पुसला की आणखी येतो."

माझ्या पिशवीत मागल्या वर्षीची पुरचुंडी होती, घरी विसरलेली तीच. मी गाठ सोडली. नानांनी दोन्ही हात पुढं केले, लहान पोरासारखे, आणि मी त्यांत पिठी घातली. त्यांनी दाबली, पण झटकली नाही. तिच्याकडं बघत राहिले.

"अजून टाक थोडी," म्हणाले. "वरून."

मी टाकली.